मा म्हणजे ये

बाळांनो,

काल सकाळी भांडी विसळताना माझ्या उजव्या मनगटावरचा पांढरा दोरा आपसूक सुटला आणि सिंकमध्ये पडला. फेब्रुवारीपासून तो हातावर होता. तुम्ही व्हिडिओ कॉलवर दोन-तीनदा विचारलंत, "आजी, हे काय बांधलंयस?" मी दर वेळी "नीट सांगेन" म्हणून टाळलं. तो दोरा तोडायचा नसतो, त्याचा तो सुटू द्यायचा असतो, आणि सुटायच्या आधी मला त्याबद्दल लिहायचं नव्हतं. आता सुटला. शिवाय तुमच्यातली थोरली पुढच्या महिन्यात घर सोडून हॉस्टेलवर जाणार आहे. तेव्हा हे आत्ताच लिहिलेलं बरं.

लोकांच्या आज्या पुण्यात असतात आणि नातवंडं कॅनडात. आपल्याकडे उलटं झालं. तुमच्या बाबाने पुण्याला परतायचं ठरवलं आणि तुमचे आजोबा गेल्यावर मी तुमच्या आत्याकडे इथे कॅनडात, कनाटा गावाला आले. त्याला सात वर्षं झाली. एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालण्यात गेली, त्यामुळे वस्तू जागच्या जागी नसली की मला चैन पडत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. हे सांगायचं कारण, माझ्या शेजारणीच्या घरातली एक वस्तू मला पहिल्या दिवसापासून खटकत होती.

शेजारीण लाओसची आहे, माझ्याहून चार वर्षांनी लहान. विशीत असताना, लढाईनंतरच्या धामधुमीत, ती नवऱ्याबरोबर होडीतून मेकाँग नदी ओलांडून पलीकडे थायलंडच्या छावणीत गेली आणि तिथून इकडे आली. थंडीची जाकिटं शिवण्याच्या कारखान्यात तिचा जन्म गेला. नवरा वारला, मुलगा आणि नातवंडं मॉन्ट्रियलला. आम्ही दोघी इंग्रजीत बोलतो. तिचं इंग्रजी कारखान्यातलं, माझं परीक्षेतलं. दोन्ही मिळून काम भागतं.

तर, तिच्या दाराशी कोट ठेवायच्या कपाटात एक निळी कापडी बॅग असायची. भरलेली. दोन जोड कपडे, कागदपत्रं, साबण.

"कुठे निघालीस?" मी पहिल्यांदा विचारलं.

"कुठे नाही. पण कोणी सांगितलं, निघा, तर?"

"इथे कोण सांगणार?"

"तिथेही कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली आणि कपाट लावून घेतलं.

पुढे ओळख वाढली तेव्हा तिने खरं कारण सांगितलं. त्यांच्याकडे मानतात की माणसाच्या अंगात बत्तीस ख्वन असतात. ख्वन म्हणजे काय, हे मला एका मराठी शब्दात सांगता येत नाही. जीव म्हणा, चित्त म्हणा. माणूस घाबरला, आजारी पडला, लांबच्या प्रवासाला निघाला, की त्यातले काही वाटेत मागे राहतात. मग जाणता माणूस बसवून त्यांना हाका मारून परत बोलवायचं आणि मनगटाला दोरा बांधून आत कोंडायचं. "मी निघाले तेव्हा हाक मारायला कोणाला वेळच नव्हता," ती म्हणाली. "माझे अर्धे तिथेच आहेत, नदीच्या काठावर. म्हणून मला कुठेही बसल्यासारखं वाटत नाही."

"आमच्याकडे बत्तीस म्हणजे दात," मी म्हणाले.

"तुझे किती उरलेत?"

"एकोणीस."

"मग तुलाही बोलवायला हवं कोणीतरी."

तिचा थोरला भाऊ तिकडे तेच काम करायचा. तरुणपणी भिक्षू होता, मग संसारात आला, आणि गावातली लग्नं, बारशी, प्रवास, सगळ्यांचे ख्वन तोच बोलवायचा. त्याचं वय झालं होतं. तो आहे तोवर जाऊन यायचं असं तिने ठरवलं आणि मागच्या वर्षी जानेवारीत मला बरोबर नेलं. एवढ्या लांब एकटीने जायची तिला भीती वाटत होती. मला वाटत नव्हती, कारण माझ्याकडे यादी होती.

ते गाव नदीकाठी आहे. शेजारणीच्या आठवणीत तिथे शांत रस्ते, विहारातली घंटा आणि पहाटे भिक्षा घालायला रांगेत बसलेल्या मुली होत्या. आम्हाला दिसल्या त्या केस तांबूस रंगवलेल्या, स्कूटरवर तिघी-तिघी बसलेल्या मुली. कॉफीच्या दुकानांच्या भिंतींवर इंग्रजी वाक्यं रंगवलेली. मुलगे बर्फ घातलेला चहा घेऊन नदीकाठी फोनकडे बघत बसलेले. ज्या नदीवरून ही बाई जीव मुठीत धरून गेली, तिच्यावर आता पूल आहे. तिथली मुलं दुपारी पुलावरून पलीकडे मॉलमध्ये जातात, आइस्क्रीम खातात, सिनेमा बघतात आणि संध्याकाळी परत येतात. ती पुलाकडे बराच वेळ बघत राहिली. "आइस्क्रीमसाठी," ती एवढंच म्हणाली.

भावाच्या घराच्या अंगणात गेस्ट हाउस झालं होतं. डोंगरातल्या गुहा बघायला पाठीवर पिशव्या लावून आलेली गोरी मुलं तिथे उतरायची आणि स्कूटर भाड्याने घ्यायची. फाटकावर रंगीत अक्षरांत पाटी होती: स्कूटर अधिक बासी.

बासी हे त्या दोरा बांधण्याच्या विधीचं नाव. मला ते माहीत नव्हतं. मी म्हणाले, "अगं, स्कूटरबरोबर शिळं अन्न का देतात?" हिंदीत बासी म्हणजे काय ते मी तिला समजावून सांगितलं. तिला हसू आलं नाही. ती पाटी वाचून लाल झाली होती.

पाटी लावली होती भावाच्या नातीने. वीस वर्षांची मुलगी, कानात इअरफोन, तोंडात फाडफाड इंग्रजी. आठवड्यातून तीनदा ती पर्यटकांना चटईवर बसवायची, आजोबांना समोर बसवायची आणि ते म्हणतील त्याचं इंग्रजी करून सांगायची. मी एकदा मागे बसून ऐकलं. आजोबा डोळे मिटून लांब सुरात म्हणत होते आणि मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं: मा ये, मा ये. कॉलेजात मी संस्कृत घेतलं होतं, त्यात मा म्हणजे नको. मला वाटलं, म्हातारा बिचारा म्हणतोय, नका येऊ, नका येऊ. आणि समोरची मुलं त्याचे फोटो काढत होती. मला त्याचं फार वाईट वाटलं. अर्थ विचारायचं काही सुचलं नाही. अर्थ मला कळलाय असंच मी धरून चालले होते.

शेजारणीचा दिवस ठरला. आदल्या दिवशी नातीने विचारलं, "मी आजोबांच्या शेजारी बसू ना?"

"नको," शेजारीण म्हणाली. "हे पर्यटकांसाठी नाही. इथे इंग्रजी नको आणि फोन नको."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मध्ये बोलायचं काही कारण नव्हतं. तरी बोलले, "बरोबर आहे. धंदा वेगळा, घरचं कार्य वेगळं."

"ओके, मे थाव," ती म्हणाली. मे थाव म्हणजे आजी. इअरफोन कानात घालून ती स्कूटरवरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी झेंडूची फुलं लावलेला केळीच्या पानांचा उंच कोन, उकडलेली अंडी, भात, दोरे, सगळं नीट मांडलं होतं. गावातली दहा-बारा माणसं आली. भावाने सुरुवात छान केली. मग मध्येच एका ओळीवर अडला. तीच ओळ पुन्हा म्हणाला. पुन्हा. उजवीकडे वळून बघितलं. तिथे कोणी नव्हतं. परत तीच ओळ. शेवटी तो कसनुसं हसला, हात जोडले आणि दोरे बांधायला घेतले. सगळ्यांनी बांधले, मीही बांधला. शेजारीण हसतमुखाने सगळ्यांच्या पाया पडली. विमानात मात्र तिने दोऱ्यांवरून बोट फिरवत मला सांगितलं, "निम्म्यावर राहिलं. नदीपर्यंत तो आलाच नाही."

त्या पावसाळ्यात भाऊ गेला. बातमी आली त्या दिवशी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती कपाटासमोर उभी राहून त्या निळ्या बॅगेतला साबण बदलत होती. "आता कोण हाक मारणार?" ती म्हणाली.

सप्टेंबरात ती नात इथे कॉलेजात शिकायला आली. शेजारणीने कर्तव्य म्हणून तिला घरात खोली दिली, पण दोघींमध्ये जेवलीस का आणि उशीर होईल का याच्या पुढे बोलणं नव्हतं. मुलगी वर्ग संपले की कॉफीच्या दुकानात ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीशी उभी राहायची. "ख्वन विकले, आता कॉफी विकते," शेजारीण मला म्हणायची. मी मान डोलवायचे. त्या माना डोलवण्याची मला आज लाज वाटते.

जानेवारीत एका दुपारी शेजारीण दातांच्या डॉक्टरकडे गेली होती आणि मी तिच्याकडे डबा परत द्यायला गेले. मुलगी ओट्याशी भांडी घासत होती, कानात नेहमीचे इअरफोन. ती गुणगुणत होती. मी दारात थांबले. मा ये, मा ये.

"हे तुला येतं?" मी विचारलं.

तिने एक इअरफोन काढला. "काय, हे? सगळं येतं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. तीन वर्षं, आठवड्यातून तीनदा. पहिल्या वर्षी आजोबा म्हणायचे आणि मी इंग्रजी करायची. तिसऱ्या वर्षी मी ओळ सुरू करून द्यायची आणि ते पुढे म्हणायचे. ते विसरायला लागले होते. पर्यटकांना कळायचं नाही."

"तुम्ही त्यांना छोटं करून देत असाल ना?"

"मी सांगायचे, आजोबा, दहा मिनिटांत उरका, मुलांना गुहेत जायचंय. त्यांना छोटं जमायचंच नाही. एका फ्रेंच माणसाचे पाय झोपले, त्याला दोघांनी उचलून स्कूटरवर बसवला."

मी हसले आणि हसता हसताच माझ्या लक्षात आलं. भाऊ उजवीकडे वळून कोणाला बघत होता, ते. त्या दिवशी ती जागा रिकामी होती, आणि ती आम्ही दोघींनी रिकामी करवली होती.

"त्या दिवशी मी शेजारी असते तर ते अडले नसते," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "रात्री ते रडले. म्हणाले, बहिणीला काठावरच ठेवली."

मी तिची माफी मागितली. तिने ओले हात पुसले आणि म्हणाली, "इट्स ओके, मे थाव. चहा घेणार?"

चहा घेताना मी विचारलं, "पण ते येऊ नका असं का म्हणायचे?"

"कोण म्हणालं? मा म्हणजे ये. मागचा 'ये' नुसता लाडाचा सूर. मा ये, ख्वन. ये गं, ये."

एक वर्ष मी तो शब्द उलटा धरून बसले होते. एकतीस वर्षं ग्रंथालयात काढून पुस्तक चुकीच्या फळीवर ठेवलं होतं.

संध्याकाळी मी शेजारणीला सगळं सांगितलं, माझ्या त्या "बरोबर आहे" सकट. ती म्हणाली, "बाईने बोलवायचे नसतात. भिक्षू राहिलेला पुरुष लागतो."

"पुण्यात माझ्या भाचीचं लग्न बाईने लावलं," मी म्हणाले. "आमच्याकडे कितीतरी बायका पौरोहित्य करतात. मंत्र खणखणीत, आणि प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत."

"आणि तुमचे देव काय म्हणाले?"

"अजून तक्रार आलेली नाही. लग्न टिकलंय."

दुसऱ्या दिवशी तिने जे केलं ते मला मुलीने नंतर सांगितलं. घरात विचारायची सोय असताना ही बाई बस पकडून, बर्फातून चालत, त्या कॉफीच्या दुकानात गेली. त्या दिवशी मुलगी आत काउंटरवर होती. शेजारीण रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर म्हणाली, "एक छोटी कॉफी. आणि माझे ख्वन."

मागे माणसं ताटकळलेली. मुलीने तिच्याकडे बघितलं. "कॉफी आत्ता मिळेल. ख्वन शनिवारी चालतील का? रविवारी माझी शिफ्ट आहे."

"शनिवारी चालतील," शेजारीण म्हणाली. "आणि मी चुकले."

कॉफी मुलीने स्वतःच्या पैशांनी दिली.

तिच्या घरात एवढी माणसं मावणार नव्हती म्हणून मी तुमच्या आत्याचं बेसमेंट मागितलं. आत्या म्हणाली, "आई, बेसमेंट खुशाल घे, पण मेणबत्त्या जपून. स्मोक अलार्म वाजला तर फायर ब्रिगेडलाही दोरे बांधावे लागतील." केळीची पानं ग्रोसरीच्या फ्रीझरमधून आणली, ती वितळताना फाटली, आम्ही टाचण्या मारल्या. झेंडू फेब्रुवारीत कुठला! मग आपल्या गणपतीच्या खोक्यातली कापडी झेंडूची तोरणं सोडवली आणि एकेक फूल त्या कोनाला लावलं. अंडी मी उकडली, मोजून बारा मिनिटं. दोरे मात्र खरे होते. आजोबांनी कापून ठेवलेल्या दोऱ्यांची शेवटची जुडी मुलीने कॉलेजच्या कागदांबरोबर बॅगेतून आणली होती. इतके महिने तिने ती कोणाला दाखवली नव्हती.

शनिवारी मॉन्ट्रियलहून शेजारणीचा मुलगा, सून आणि नातवंडं आली. मुलीने गावाकडून आणलेली, तिच्या आजीची जुनी रेशमी साडीसारखी वस्त्रं नेसली होती, केस अजून तांबूसच. इअरफोन काढून तिने माझ्या हातात दिले. मग शेजारणीकडे वळून विचारलं, "इंग्रजी नको ना?"

"इंग्रजी म्हण," शेजारीण म्हणाली. "माझी नातवंडं त्यात जगतात. आणि हिला संस्कृतात ऐकू येतं."

सगळे हसले, आणि मुलीने सुरुवात केली. तिचा आवाज आजोबांच्या आवाजाहून वरचा होता, पण ओळ तीच, सूर तोच. जिथे ते अडले होते तिथे आम्ही दोघींनी एकमेकींचा हात धरला. मुलगी अडली नाही. रानातून ये. शेतातून ये. नदीच्या काठावरून ये, तिथे पाण्याशी बसला असशील तर उठ आणि ये. मग तिने पुढे म्हटलं, जे आजोबांच्या पाठात नव्हतं: छावणीतून ये. शिवणयंत्राखालून ये. बर्फातल्या बस स्टॉपवरून ये. पुलावरून ये, आता पूल आहे, होडी लागत नाही. मा ये, ख्वन, मा ये. प्रत्येक ओळीनंतर इंग्रजी. तीन वर्षं पर्यटकांपुढे सांगून सांगून ते इंग्रजी इतकं गुळगुळीत आणि नेमकं झालं होतं की मॉन्ट्रियलच्या नातवंडांनी फोन खाली ठेवून ऐकलं.

पुलाची ओळ आली तेव्हा शेजारणीचा चेहरा मी बघत होते. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आले!"

"बत्तीसच्या बत्तीस?" मी हळूच विचारलं.

"मोजू नकोस गं, लायब्ररीवाली. आले."

मग एकच गलका झाला. दोरे बांधायला सगळे पुढे सरसावले, शेजारणीचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे झाले. स्मोक अलार्म वाजला तो मेणबत्त्यांनी नव्हे, तुमच्या आत्याने वर भजी तळायला घेतली होती त्याने. मुलीने माझ्या हाताला दोरा बांधला आणि म्हणाली, "मे थाव, तुमचे एकोणीस तरी शाबूत राहोत." शेजारणीने तिला माझी सगळी गुपितं सांगितलेली दिसत होती.

मार्चपासून त्या मुलीला टोरांटोहून, मॉन्ट्रियलहून बोलावणी येतात. बाई चालेल का, असं पहिल्याच वाक्यात विचारतात, आणि फोन शेजारीण घेते. "माझे तिनेच आणले," असं सांगते. "तारीख बोला." मुलीच्या कॉलेजातल्या आणखी दोन लाओ मुली आता रविवारी येऊन पाठ करतात, फोनवर रेकॉर्ड करून, इअरफोन घालून.

निळी बॅग आता कपाटात नसते. वाचनालयाची पुस्तकं ने-आण करायला आम्ही ती वापरतो. साबणाचा वास पुस्तकांना अजून येतो.

थोरले, तुझ्यासाठी त्या जुडीतला एक दोरा या पाकिटात घातला आहे. आईकडून बांधून घे. हॉस्टेलला निघताना दारात "जाते" म्हणू नकोस, "येते" म्हण. हे मी तुला इतक्या वेळा सांगितलं आहे की तुला कंटाळा आला असेल. पण मला आता त्याचा अर्थ पूर्वीपेक्षा नीट कळतो.

ते हाकेचे शब्द अजून आहेत. ते एका वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला पाठ आहेत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.